मणक्याच्या प्रायोगिक ऑपरेशनसाठी पोराला परदेशी नेताना: सातबारा काढण्याआधीपासून घरी परतल्यानंतरपर्यंत

परदेशातल्या रुग्णालयाचा जो व्हिडिओ घरात फिरतो, त्यात कमरेखाली लुळा पडलेला तरुण दांड्या धरून उभा राहतो, चार पावलं टाकतो. व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. पण दोन गोष्टी त्यात दिसत नाहीत. पाठीत बसवलेलं यंत्र त्या वेळी चालू असतं, आणि त्या चार पावलांमागे कित्येक महिन्यांचा व्यायाम असतो. म्हणून रुग्णालयाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: यंत्र बंद केल्यावर काय होतं?

विदर्भातल्या ज्या घरात पोरगा झाडावरून, विहिरीच्या कामावर किंवा गाडीवरून पडून खाटेला खिळलाय, आणि वावर विकून का होईना त्याला बाहेर न्यायचं असं ठरत आलंय, त्या घरासाठी हे लिहिलंय. ऑपरेशन काही तासांचं, तयारी सहा महिन्यांची आणि नंतरचं निभावणं जन्मभराचं असतं. बहुतेक घरं सगळा पैसा त्या काही तासांवर लावून मोकळी होतात. आमचा सगळा भर मात्र आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या निभावण्यावर आहे.

आधी पोराचा ग्रेड काढा

‘डी-१० ला’, म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्याला, ‘मार लागलाय’ एवढ्यावर कोणताही प्रामाणिक सर्जन काही सांगू शकत नाही. लागते ती एशिया (ASIA) तपासणी, मज्जारज्जूची इजा मोजायची ठरलेली पद्धत. अंगाच्या दोन्ही बाजूंना २८-२८ ठिकाणी कापसाचा आणि टाचणीचा स्पर्श तपासतात. दोन्ही बाजूंचे १०-१० मुख्य स्नायू ० ते ५ गुणांत मोजतात, म्हणजे ताकदीचे एकूण १०० गुण होतात. शेवटी गुदद्वाराजवळची जाणीव आणि तिथला स्नायू आवळता येतो का ते बघतात. लाजेखातर हा शेवटचा भाग बऱ्याचदा राहून जातो. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे मात्र त्याच्यावरच ठरतं. तिथे ना जाणीव ना हालचाल असेल तर ग्रेड ए. जाणीव आहे पण इजेखाली हालचाल नाही तर बी. हालचाल असेल तर ताकदीप्रमाणे सी किंवा डी.

तपासणी फिजिकल मेडिसिन, म्हणजे पीएमआरच्या डॉक्टरकडून करून घ्या आणि मणक्याचा तक्ता भरलेला कागद हातात मागा. तीन महिन्यांनी पुन्हा करा. दोन कागद शेजारी ठेवले की पोरगा आपोआप सुधारतोय का ते कळतं. नैसर्गिक सुधारणा मुख्यतः पहिल्या ६ ते १२ महिन्यांत होते. चौथ्या महिन्यात कुणी सुई टोचली आणि सहाव्या महिन्यात अंगठा हलला, तर ते सुईमुळे झालं असं कुणालाच ठामपणे म्हणता येत नाही. नेमक्या याच काळातल्या रुग्णांना गाठणारे दलाल असतात.

दुसरं मत देशातच घ्या. नागपूरचं मेडिकल, मिहानमधलं एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय ही जवळची ठिकाणं. मणक्याच्या पुनर्वसनाचा मोठा अनुभव हवा असेल तर दिल्लीच्या वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर, वेल्लोरचं सीएमसी आणि मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आहे. पोरगा स्वतः चाकाच्या खुर्चीत चढणं-उतरणं, लघवीची नळी घालणं, अंगाखाली घडी न पडू देणं शिकलेला नसेल, तर आधी तिथे काही आठवडे काढा. एवढं न शिकता परदेशी गेलेला पोरगा तिथले महागडे दिवस हेच शिकण्यात घालवतो.

नेमकं कोणतं ऑपरेशन, ते नावासकट लिहून घ्या

‘नवीन टेक्निक’ हे नाव नव्हे. बाजारात सध्या ठळक दिसतात ते दोन प्रकार.

पहिला एपिड्युरल स्टिम्युलेशनचा. पाठीच्या खालच्या भागात, मज्जारज्जूच्या आवरणावर विजेच्या टोकांची पट्टी बसवतात आणि पोटाच्या किंवा कुल्ल्याच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात. तुटलेली नस यात जोडली जात नाही. जखमेच्या खाली जिवंत राहिलेल्या जाळ्याला विजेने जागं ठेवतात. अमेरिकेतल्या लुईव्हिल गटाचा अहवाल २०१८ मध्ये आला. चार रुग्ण होते, त्यातले ग्रेड बी असलेले दोघे यंत्र चालू असताना जमिनीवर चालले. एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सत्रं लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१. ग्रेड ए असलेले दोघे उभे राहिले, बसताना तोल सांभाळू लागले, पण जमिनीवर चालले नाहीत. सरावात एकाचं खुब्याचं हाड मोडलं, कारण वर्षानुवर्षं वजन न पडलेली हाडं ठिसूळ होतात. हे आकडे वाचून मग ‘पाच आठवड्यांचं पॅकेज’ असं लिहिलेलं पत्रक वाचा.

दुसरा प्रकार पेशींचा: नाकातल्या घ्राणपेशी (वास ओळखणाऱ्या भागातल्या), हाडांच्या मज्जेतल्या पेशी, प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी. इथे फरक फार मोठे आहेत. जपानने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःच्याच मज्जेतून केलेल्या एका उपचाराला सशर्त मान्यता दिली, पण त्यासाठी मज्जा इजेनंतरच्या पहिल्या महिन्याभरात काढावी लागते. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या पोराला तो लागू नाही. उलट बाजूला चीनमध्ये घ्राणपेशी टोचून आलेल्या सात रुग्णांचा आढावा २००६ मध्ये छापला गेला. पाच जणांना गुंतागुंत झाली, त्यात मेंदूच्या आवरणाचा ताप होता, आणि उपयोगी पडेल अशी सुधारणा कुणातही नव्हती. २०१४ साली नोंदलेल्या एका तरुणीच्या पाठीत नाकातल्या ऊतीचं रोपण झालं होतं. आठ वर्षांनी तिथे शेंबडासारखा द्रव भरलेली गाठ निघाली. पेशी आत गेल्या की बाहेर काढता येत नाहीत. शिवाय एकदा पेशी घेतल्या की पुढच्या चांगल्या चाचण्यांत बहुधा प्रवेश मिळत नाही. आपल्याकडेही आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांप्रमाणे मणक्यासाठी स्टेमसेल (अशा पेशी) ही फक्त नोंदणीकृत चाचणी म्हणूनच देता येते.

ईमेलने विचारायचे प्रश्न

फोनवर गोड बोलणारा ‘पेशंट कोऑर्डिनेटर’ डॉक्टर नसतो. उत्तरं लेखीच घ्या. चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? तो सरकारी नोंदवहीत स्वतः टाकून बघा आणि तिथे रुग्णालयाचं, सर्जनचं नाव जुळतं का पाहा. नोंद असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे लक्षात ठेवा. पैसे घेणारी ठिकाणंही नोंद करून ठेवतात. आमच्या पोराच्या ग्रेडचे, इजेला इतकीच वर्षं झालेले किती रुग्ण तुम्ही केले, आणि त्यातल्या किती जणांना दोन वर्षांनी काय करता येतं? किती जणांचं यंत्र काढावं लागलं? जंतुसंसर्ग झाला तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा?

खऱ्या संशोधनात प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. लाखो डॉलर मागत असतील तर ते तुम्हाला गिऱ्हाईक मानतात. यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण नातं बदलतं. मग सौदा करताना जसं बघता तसं बघा.

आणि सगळ्यात आधी पोराला विचारा, माय-बाप खोलीत नसताना. तो सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच, बापाची सही चालत नाही. त्याला काय हवंय ते पुष्कळदा घरच्यांना ठाऊकच नसतं. चालण्याऐवजी लघवी-शौचावर ताबा, बसताना तोल किंवा बोटांची पकड मागणारे बरेच असतात. मग सर्जनला त्याबद्दल विचारायचं. संमतीपत्र मराठीत भाषांतर करून, दोन दिवस घरात ठेवून वाचायचं.

पैसा

महात्मा फुले योजना आणि आयुष्मान कार्ड परदेशात चालत नाही. याचा अर्थ सगळा भार वावरावर, दागिन्यांवर आणि वर्गणीवर.

सातबारा आधी काढून बघा. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. यात महिने जातात, आणि तेवढ्या वेळात सावकार दारात येतो. ऑपरेशनची तारीख आधी आणि जमिनीची परवानगी मागाहून असं कधीही करू नका. आमचा सल्ला: सगळी जमीन विकू नका. परत आल्यावर नळ्या, औषधं आणि फिजिओ दर महिन्याला लागणार, ते पैसे त्याच मातीतून यायचे आहेत.

रुग्णालयाचा आकडा हा अर्धाच असतो. त्यापुढे लिहा: दोन सोबत्यांची तिकिटं, राहणं, जेवण, व्हिसा, दुभाषा, यंत्राचं प्रोग्रॅमिंग, मुक्काम लांबला तर प्रत्येक दिवसाचा भाव, पुढे बॅटरी बदलणं. शेवटी एकूण रकमेच्या चौथाई वेगळी बाजूला काढा. ती जंतुसंसर्गासाठी आहे, तिला दुसरं काम देऊ नका.

पैसे बँकेतूनच पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उपचारासाठी रुग्णालयाचं अंदाजपत्रक दाखवून जास्तही जातात. पॅन लागतो, ए-२ अर्ज भरावा लागतो आणि त्यात ‘वैद्यकीय उपचार’ हेच कारण लिहावं लागतं. वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. दर त्या दिवशी बँकेत विचारा. कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण तोवर तो अडकतो, म्हणून हिशेबात धरा. दलालाच्या खात्यात एक रुपयाही नको, रुग्णालयाच्याच खात्यात.

गावाची वर्गणी घेणार असाल तर पोराच्या नावाने वेगळं खातं, पावतीपुस्तक आणि दर महिन्याचा हिशेब पारावर लावा. आणि खाटेवरच्या पोराचा फोटो त्याला विचारल्याशिवाय मोबाइलवर फिरवू नका.

कागद

पोराचा आणि दोन सोबत्यांचा पासपोर्ट एकाच वेळी काढा. आधार, दहावीचा दाखला आणि पॅनवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अर्जाआधी बघा. ‘राव’, ‘जी’ आणि बापाचं नाव इथेच घोटाळा होतो. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) जिल्हा सामान्य रुग्णालयातून काढून ठेवा, प्रवासात आणि नंतर निराधार योजनेलाही लागतं. व्हिसा वैद्यकीयच घ्या. पर्यटक म्हणून जाऊन ऑपरेशन केलं आणि मुक्काम लांबला, तर परक्या देशात पोलिसांशी गाठ पडते.

एमआरआयच्या फिल्मचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका. स्कॅन केंद्रातून मूळ सीडी घ्या, तिच्या दोन प्रती करा. पहिल्या ऑपरेशनची टिपणं आणि त्यात बसवलेल्या स्क्रूचे स्टिकर फाईलमध्ये हवेतच.

शरीर तयार करणं

ऑपरेशन रद्द होण्याची नेहमीची कारणं साधी असतात: माकडहाडावरची जखम आणि लघवीतला जंतुसंसर्ग. तिकीट, व्हिसा, आगाऊ पैसे सगळं झाल्यावर तिथला सर्जन पोराला कुशीवर वळवतो, रुपयाएवढी जखम बघतो आणि परत पाठवतो. उघड्या जखमेजवळ मणक्यात धातू बसवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण.

म्हणून निघायच्या आधी निदान तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ कातडी बघायची. माकडहाड, दोन्ही बसायची हाडं, खुबे, टाचा, घोटे. खाली आरसा धरायचा. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाल डाग दिसत नाही, भोवतालापेक्षा काळपट दिसतो. म्हणून हाताची मागची बाजू लावून बघा: जागा गरम लागते का, दाबल्यावर घट्ट किंवा लिबलिबीत लागते का. तसं असेल तर तो भाग पूर्ण मोकळा ठेवायचा, जागा निवळेपर्यंत त्यावर वजन नको. तेल चोळून डाग जात नाही, उलट आतलं मांस आणखी दुखावतं.

खाटेवर दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून दोन मिनिटं बुडावरचं वजन हलकं करायचं. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, आणि गावात वीज गेली की गादी बसते, पोरगा थेट खाटेच्या पट्ट्यांवर येतो. तो पंप इन्व्हर्टरवर टाका, नाहीतर खाली जाड फोमची गादी ठेवा. पायाला चटका कळत नाही, तेव्हा उन्हात तापलेला पत्रा, चुलीजवळची फरशी, गरम पाण्याची पिशवी दूर.

लघवीसाठी स्वच्छ नळी दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळी ४००-५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायची नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय नळीला हात नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. शौचाची वेळ ठरलेली हवी, जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने, रोज किंवा एक दिवसाआड. जुलाबाच्या गोळ्यांवर प्रवासाची तयारी करू नका.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर दोन धोके वेगळे शिका. एक, इजेखाली घाम येत नाही. अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात असा पोरगा बंद गाडीत थोड्याच वेळात तापतो. ओला पंचा अंगावर, पाण्याची फवारणी, आणि मे महिन्यातला प्रवास पहाटे. दोन, डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, इजेच्या वर घाम फुटणं आणि रक्तदाब नेहमीपेक्षा २०-४० ने चढणं. या पोरांचा वरचा दाब एरवीच ९०-११० असतो, म्हणून १४० हा आकडा दवाखान्यात ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिला जातो. लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा, नळीला पीळ पडलाय का बघा, लघवी मोकळी करा, मग शौच तपासा. दाब उतरला नाही तर थेट रुग्णालय. मूळ कारण सापडेपर्यंत दाब पुन्हा चढतो.

विमानप्रवास

तिकीट काढतानाच ‘डब्ल्यूसीएचसी’ हा शेरा टाकून घ्या. त्याचा अर्थ, पोराला जागेपर्यंत उचलून न्यावं लागेल. एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरकडून भरून वेळेत पोहोचवा, ऐनवेळी त्यावरूनच विमान नाकारतात. खुर्चीची गादी, पायट्या आणि बाजूच्या पट्ट्या काढून आत न्या, बाकी खुर्चीचे फोटो काढून ठेवा, मोडली तर दाखवायला लागतात.

विमानाच्या सीटवर खुर्चीची गादी ठेवून तिच्यावर पोराला बसवा, नुसत्या सीटवर नाही. हवेची गादी उंचीवर फुगते आणि टणक होते, म्हणून वर गेल्यावर थोडी हवा सोडा, उतरल्यावर पुन्हा भरा. पाणी तोडून लघवी टाळायची युक्ती अंगाशी येते, संसर्गही होतो आणि पायात गुठळीही. पायाला बांधलेली लघवीची पिशवी विमानात चढायच्या आधी रिकामी करा आणि शौच आदल्या दिवशी उरका.

बॅक्लोफेन ही स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी एक दिवसही चुकवू नका, अचानक बंद झालं की झटके येऊ शकतात. ती गोळी सामानात नको, हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट हवी. आखातमार्गे तिकीट असेल तर ट्रामाडॉल आणि प्रीगॅबालिन या दुखण्यावरच्या गोळ्यांचे नियम आधीच विचारा. संयुक्त अरब अमिरातीत ही दोन्ही नियंत्रित औषधं आहेत, आणि मणक्याच्या पोरांकडे नेमकी हीच असतात.

ऑपरेशननंतर

ऑपरेशन झालं की पहिले काही दिवस टाक्यांकडे बघा. जखमेतून स्वच्छ पाण्यासारखा द्रव झिरपत असेल आणि बसवल्यावर डोकं दुखत असेल, तर मणक्यातलं पाणी गळतंय. आडवं करून सर्जनला लगेच बोलवा, ‘उद्या ड्रेसिंगला बघू’ नको. यंत्राच्या कप्प्यावर सूज, उष्णता किंवा ताप हे दुसरं लक्षण. पायांत येणारी हालचाल एकाएकी बंद झाली तर पट्टी सरकली असू शकते, एक्स-रे मागा. फिजिओ उभं करताना दोन माणसं लावा आणि हाडांची घनता तपासल्याशिवाय वजन देऊ नका.

निघण्याआधी पुढच्या गोष्टी हातात घ्या: ऑपरेशनचं इंग्रजी टिपण, यंत्राचा नंबर असलेलं कार्ड, चालू प्रोग्रॅमचे आकडे, बॅटरी कधी बदलायची ते, आणि नागपूर किंवा मुंबईत याच कंपनीच्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग कोण करतं त्याचं नाव. त्या शेवटच्या ओळीला उत्तर नसेल तर प्रत्येक वेळी यंत्र जुळवायला पुन्हा विमान. ही गोष्ट जाण्याआधी विचारायची, पण बहुतेक घरं येताना विचारतात.

गावात

पोरगा रुग्णालयात असतानाच मागे राहिलेल्या भावाने घर तयार करावं. खुर्चीसाठीच्या उताराची लांबी ओट्याच्या उंचीच्या बारापट, म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला १८ फूट. अंगणात जागा नसेल तर उतार वळवून घ्या, अर्ध्या लांबीत उतरवून चढ खडा करू नका, खुर्ची उलटते. दार निदान ३२ इंच मोकळं, संडासात बाजूला दांडी. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून उताराच्या टोकापासून रस्त्यापर्यंत चार फूट रुंद सिमेंट हवं.

पाठीत यंत्र असलेल्या पोराला तालुक्याच्या फिजिओकडे नेताना कार्ड आधी दाखवा. तिथे पाठदुखीला डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी आतपर्यंत उष्णता नेणारा, शेक सर्रास देतात. यंत्र असलेल्या रुग्णाला डायथर्मी देणं धोक्याचं आहे, पट्टीच्या टोकांशी उष्णता साचून आतली ऊती जळू शकते, आणि पोराला खाली जाणीव नसल्याने तो ‘भाजतंय’ म्हणत नाही. एमआरआयलाही तोच नियम: कार्ड दाखवून यंत्राला चालणारी मशीन आहे का विचारायचं.

फाईलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा: ‘पाठीत विजेचं यंत्र आहे. डायथर्मी देऊ नये. कार्ड बघितल्याशिवाय एमआरआय करू नये.’ खाली त्या प्रोग्रॅमरचा नंबर. यंत्र चार्ज होणारं असेल तर चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा, आणि चार्जिंग कसं करायचं, किती वेळ लागतो ते शिकवून घरातल्या दोन माणसांना करून दाखवायला सांगा, एकटी माय सांभाळत असली तर शेजारच्या एकाला तरी.